दोनदा पडलेला माणूस सुवर्णपदक कसं नेतो? (फिगर स्केटिंगबद्दल एक भाबडा प्रश्न)

सड्यावरची सुरंगी

मंडळी, प्रश्न माझा नाही, भाचीचा आहे. ती सातवीत आहे, रत्नागिरीत रोलर स्केटिंग शिकते. पावसाळ्यात क्लास बंद, म्हणून यूट्यूबवर बर्फावरचं स्केटिंग बघत बसते आणि मलाही बसवते. परवा तिने २०१४च्या सोची ऑलिंपिकमधला युझुरू हान्यूचा फ्री स्केट लावला. जपानचा पोरगा, पहिल्याच उडीला आपटला. थोड्या वेळाने परत पडला. आणि सुवर्णपदक त्यालाच! भाची म्हणाली, "मावशी, आमच्यात पडलं की संपलंच. ह्याला कसं काय दिलं?"

मला सांगता आलं नाही. कोपऱ्यात आकडे सरकत असतात त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. गुण देतं कोण, कशावर देतं, आणि त्यात आवडनिवड किती? शिवाय ही मुलं तिथवर पोचतात कशी, देश निवडतो की आपापली जातात? जाणकारांनी सवडीने लिहा. "गुगल कर" म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं ही विनंती.

पडवीतला बाकडा

पडण्याचं काय एवढं? श्रावणात आमच्या खळ्यात येऊन दाखवा. चिऱ्यावर शेवाळ, आणि परीक्षक म्हणून आजी अडकित्ता घेऊन बसलेली. पाच पैकी पाच कुणालाच नाहीत.

बाहेरची कड

सुरंगीताई, सवडीनेच लिहितो, कारण थोडक्यात सांगितलं की हा खेळ कोणालाच पटत नाही.

एकेरीत दोन भाग असतात. शॉर्ट प्रोग्रॅम, २ मिनिटं ४० सेकंदांचा, त्यात काय काय करायचं ते ठरलेलं. मग फ्री स्केट, ४ मिनिटांचा, त्यात मोकळीक जास्त. (दोन्हीत १० सेकंद मागेपुढे चालतं.) जागतिक स्पर्धेत शॉर्टनंतर पहिले २४ जणच पुढे जातात. दोन्ही भागांची बेरीज ज्याची जास्त, तो जिंकला. म्हणजे तुम्ही दोघींनी बघितलात तो अर्धाच सामना होता.

आता गुण. इथे माणसांचे दोन वेगळे गट बसलेले असतात आणि दोघांची कामं वेगळी. पहिला गट तांत्रिक. हे लोक गुण देतच नाहीत. खेळाडूने काय केलं एवढंच ते ठरवतात: उडी कुठली, फेऱ्या पूर्ण झाल्या की पाव-अर्धी राहिली, उडताना पात्याची कड बरोबर होती का. शंका आली तर व्हिडिओ मागे घेऊन सावकाश बघतात. प्रत्येक उडीला, गिरकीला, पदन्यासाला तक्त्यात मूळ किंमत छापलेली आहे. २०१८ नंतरच्या तक्त्यात ट्रिपल (म्हणजे तीन फेऱ्यांचा) टो लूप ४.२०, ट्रिपल लुट्झ ५.९०, ट्रिपल ॲक्सल ८.००, चार फेऱ्यांचा टो लूप ९.५०, चार फेऱ्यांचा लुट्झ ११.५०. चार फेऱ्यांचा ॲक्सल १२.५०, आणि त्यात खरं तर साडेचार फेऱ्या, कारण सहा प्रकारच्या उड्यांपैकी ॲक्सल एकटाच तोंड पुढे ठेवून उडायचा आणि उतरायचं मात्र पाठमोरं.

दुसरा गट परीक्षकांचा, मोठ्या स्पर्धेत नऊ जण. उडी कुठली होती हे ठरवणं त्यांच्या हातात नाही. ती कशी झाली एवढंच ते सांगतात, उणे ५ ते अधिक ५. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून टाकायचा आणि उरलेल्या सातांची सरासरी घ्यायची. प्रत्येक पायरी म्हणजे मूळ किंमतीच्या १० टक्के.

आता भाचीला कागद-पेन घेऊन बसवा. चार फेऱ्यांचा लुट्झ मारला, फेऱ्या हवेत पूर्ण झाल्या, पण उतरताना आपटला. परीक्षक उणे ५ देणार, म्हणजे निम्मी किंमत गेली: ५.७५ उरले. पडल्याचा १ गुण वेगळा वजा: ४.७५. आणि शेजारचा ट्रिपल टो लूप मारून नीट उतरला तर ४.२०, वर सफाईचे काय मिळतील ते. बघा म्हणावं कोण पुढे आहे ते. फेऱ्या अपुऱ्या राहिल्या तर मात्र हे गणित कोसळतं, कारण मूळ किंमतच आधी कापली जाते.

तिसरी गोष्ट उरते: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. ह्या तिघांना प्रत्येकी १० पैकी गुण, पाव-पाव गुणाच्या फरकाने. आधी असे पाच घटक होते, २०२२-२३ च्या मोसमापासून तीन केले. ताईंनी विचारलेली आवडनिवड असलीच तर ती मुख्यतः इथे लपते.

करवंदाची जाळी

वाचतेय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

तिरफळ

हय आमच्याकडे भजनस्पर्धेक पण असांच. गायनाक इतके, पखवाजाक इतके, शिस्तीक इतके. कागद एकदम बरोबर. पण परीक्षक रात्री खंयच्या बुवाकडे जेवलो तां कळला की निकाल मी आदीच मांडवात बसान सांगतंय. तुमच्या बर्फावरच्या परीक्षकांक कोण जेवाक घालता काय?

बाहेरची कड

@तिरफळ, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. घालत होते असा संशय होता, आणि त्यावरूनच हे सगळं तक्त्याचं प्रकरण आलं.

२००२, सॉल्ट लेक सिटी, जोड्यांची स्पर्धा. रशियाची बेरेझ्नाया-सिखारुलिद्झे जोडी आणि कॅनडाची साले-पेल्तिए. रशियन जोडीकडून एका उडीला उतरताना चूक झाली, कॅनडाची स्वच्छ. निकाल पाच विरुद्ध चार मतांनी रशियाकडे. रशिया, चीन, पोलंड, युक्रेन आणि फ्रान्स एका बाजूला. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, जपान दुसऱ्या. मग फ्रान्सच्या परीक्षक मारी-रेन ल गुन्य म्हणाल्या की माझ्यावर दबाव होता. नंतर त्यांनी ते फिरवलं. आरोप असा होता की तिकडे रशियाला मत द्या, इकडे आइस डान्समध्ये (बर्फावरचं नृत्य, जोड्यांहून वेगळी स्पर्धा) फ्रान्सला मिळेल. शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण दिलं, रशियाचं काढून न घेता. ल गुन्यबाई आणि फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष, दोघांवर तीन वर्षांची बंदी.

तेव्हा गुण ६.० पैकी असायचे. पण ते खरे गुण नव्हतेच, परीक्षकाने लावलेला नुसता क्रम होता. पाच परीक्षकांनी तुम्हाला पहिलं ठेवलं की तुम्ही पहिले. म्हणून एक मत फिरवलं की पदक फिरायचं. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने (आयएसयू) हे मोडीत काढून तक्त्याची पद्धत आणली. आता एका परीक्षकाने वेडेवाकडे आकडे टाकले तर सरासरीत ते बरेचसे विरून जातात.

तिरफळ

म्हणजे आता नऊच्या नऊ जणांक जेवाक घालूक लागतला. खर्च वाढलो.

चढाईवीर

माफ करा, पण मला हा खेळच वाटत नाही. मी दापोलीकडचा, कबड्डीत आयुष्य गेलं. आमच्याकडे हात लागला की लागला. पंच चुकतो, पण निदान गोष्ट घडली की नाही एवढ्यावर चुकतो. 'सादरीकरणाला ८.७५' हा काय प्रकार आहे? चकचकीत कपडे, गाणं, चेहऱ्यावर भाव. छान आहे, बघायला आवडेल, पण मग दशावतारालाही ऑलिंपिकमध्ये घ्या.

करवंदाची जाळी

दशावताराला घेतलं तर पदक पक्कं. 'संकासुर, एकेरी, पुरुष.'

बाहेरची कड

@चढाईवीर, एका सेकंदाहून कमी वेळ हवेत, तेवढ्यात चार फेऱ्या, आणि खाली येताना वजनाच्या कित्येक पट भार एका पायावर, पायाखाली जेमतेम ४ मिलिमीटर रुंदीचं पातं. तेही चार मिनिटांच्या शेवटच्या मिनिटात, दम संपत आलेला असताना. शेवटच्या तीन उड्यांना १० टक्के जास्त मिळतात, म्हणून अवघड उड्या मुद्दाम शेवटाला ठेवतात. कपड्यांवर जाऊ नका.

जिम्नॅस्टिक्स आणि डायव्हिंगमध्येही परीक्षकच असतात, त्यांना कोणी नाच म्हणत नाही.

चढाईवीर

अवघड आहे हे मान्यच. अवघड तर आमचे पालखी नाचवणारेही आहेत. माझा मुद्दा एवढाच की हरलेल्याला आपण का हरलो ते कळलं पाहिजे.

खलाशी नं. १

इथे मी चढाईवीरभाऊंच्या विरोधात. कबड्डीत तुम्हाला पंचाने लिहून देतात का की अमुक पकडीत तुमचा पाय इतका उणा पडला? स्केटिंगमध्ये देतात. स्पर्धा संपली की प्रत्येक खेळाडूचा तक्ता जाहीर होतो. कुठली उडी, मूळ किंमत, नऊही परीक्षकांचे आकडे, सगळं ओळीने. बायको दोन वर्षं हेच वाचून माझ्याशी वाद घालतेय. २०१४च्याच महिलांच्या निकालावर आमच्या घरात शीतयुद्ध आहे: रशियाची सोत्निकोवा २२४.५९, कोरियाची किम युना २१९.११. बायकोचं मत, किमवर अन्याय झाला. माझं मत, सोत्निकोवाने उड्या जास्त अवघड ठेवल्या होत्या. कोरियात ह्यावर लाखो लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या होत्या, त्यात आमची एक असती तर बायकोला बरं वाटलं असतं.

बाहेरची कड

खलाशीभाऊ, त्यात एक मेख आहे. २००२च्या प्रकरणानंतर दबाव टाळायचा म्हणून परीक्षकांची नावं आकड्यांपासून तोडली होती. कोणता आकडा कोणाचा, ते कळत नसे. झालं उलटंच, संशय आणखी वाढला. सोचीतही तीच पद्धत होती, म्हणून वहिनींना त्या रात्री कोणी काय दिलं ते कधीच कळणार नाही. २०१६ मध्ये हे बंद झालं. आता नावानिशी दिसतं. आपल्याच देशाच्या पोरीला सढळ हाताने देणारे परीक्षक लगेच पकडले जातात, आणि लोक पकडतातही.

लादीवाला

इतकी चर्चा झाली, बर्फाबद्दल कोणी बोलेना. कोकणात बर्फ म्हटलं की आमचा धंदा. मिरकरवाड्याला बोटींना बर्फ देणाऱ्यांपैकी आम्ही एक. मध्ये मुलाने रिंक कसं बनवतात त्याचा व्हिडिओ दाखवला आणि मी म्हटलं, अरे हे तर आपलंच.

आमच्याकडे मिठाच्या पाण्याची, म्हणजे ब्राइनची टाकी असते. अमोनियाच्या कॉम्प्रेसरने ती शून्याच्या बरीच खाली नेतात. मीठ असल्यामुळे ती गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याचे डबे सोडायचे, बराच वेळ थांबायचं, की लादी तयार. रिंकमध्ये तीच तऱ्हा, फक्त उलटी मांडलेली. काँक्रीटच्या खाली पाइपांचं जाळं, त्यातून थंड ब्राइन किंवा ग्लायकॉल फिरवायचं आणि वरून पातळ पातळ थर पाणी मारत गोठवायचं. जाडी काही सेंटिमीटरच. घाईने एकदम जाड थर ओतला की बर्फ पांढरा आणि ठिसूळ होतो. आमच्या लादीचा मधला भाग पांढरा राहतो तोही अडकलेल्या हवेमुळेच.

दोन गोष्टी मला नवीन होत्या. एक, फिगर स्केटिंगला बर्फ 'गरम' लागतो. उणे ३ ते ४ अंशांच्या आसपास. आइस हॉकीला त्याहून थंड आणि टणक. मऊ बर्फात पात्याची कड रुतते आणि उतरताना धक्का कमी बसतो. दुसरी, मध्येमध्ये गाडी फिरवून बर्फ तासतात आणि वर गरम पाणी सोडतात. गरम पाण्यात हवा कमी, ओरखड्यांत ते नीट भरतं, आणि वर काचेसारखा थर धरतो.

आता कोकणात करायचं तर वीजबिल ही पहिली अडचण आणि दमट हवा ही त्याहून मोठी. नुसती यंत्रं लावून चालणार नाही, हवा कोरडी करावी लागेल, नाहीतर बर्फावर धुकं धरेल आणि परीक्षकांना खेळाडूच दिसायचा नाही. ऑलिंपिकच्या मापाचं रिंक ६० बाय ३० मीटर. तेवढी बंद जागा इथे असली तर तिथे आधी लग्नाचा हॉल होतो.

पडवीतला बाकडा

लादीवाले, तुमच्याकडे रात्री पाळी संपल्यावर पापलेटांना आत सोडून बघा. जोडीचं स्केटिंग.

करवंदाची जाळी

आणि बांगड्यांचं समूह स्केटिंग. सिंक्रोनाइज्ड. १६ जणांचा संघ असतो म्हणे.

तिरफळ

बांगडो ऑलिंपिकात नको, तिरफळ घालून कालवणात बरो.

सड्यावरची सुरंगी

हसून हसून पुरे. धागा माशांवर गेला म्हणजे आता जेवायची वेळ झाली असणार. पण माझा दुसरा प्रश्न राहिला: ही मुलं तिथवर पोचतात कशी?

बाहेरची कड

ताई, वरून सांगतो.

आयएसयू ही जगाची संघटना, १८९२ मध्ये हॉलंडमधल्या शेवेनिंगेनला स्थापन झालेली. प्रत्येक देशाची एक संघटना तिची सभासद. आपल्याकडे आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. त्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, आपली लावणी चालू असते तेव्हा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ग्रां प्री नावाच्या मालिकेच्या सहा स्पर्धा, तिथे निमंत्रणानेच जाता येतं, आणि त्यातले सर्वोत्तम सहा जण डिसेंबरात अंतिम फेरीला. मग युरोपची स्पर्धा. बाकीच्या खंडांसाठी १९९९ पासून फोर कॉन्टिनेंट्स, त्यात आपण येतो. मार्चमध्ये जागतिक स्पर्धा.

जागतिक स्पर्धेत प्रत्येक देशाला प्रत्येक प्रकारात एक जागा धरलेली, पण रिकाम्या हाताने जाता येत नाही. आधी कुठल्या तरी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले किमान तांत्रिक गुण मिळवावे लागतात. जास्त जागा हव्या असतील तर आदल्या वर्षीच्या खेळाडूने कमवून ठेवायच्या. एकटाच खेळाडू पाठवला आणि तो पहिल्या दहात आला तर पुढच्या वर्षी दोन जागा, पहिल्या दोनांत आला तर तीन. तीनपेक्षा जास्त कोणालाच नाही. म्हणून जपानमध्ये जगातला चौथा-पाचवा असलेला खेळाडू घरी बसून टीव्ही बघतो, आणि लहान देशाचा कितीतरी मागचा खेळाडू तिथे स्केटिंग करतो. ऑलिंपिकच्याही बऱ्याचशा जागा आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतूनच ठरतात.

वयाचं: वरिष्ठ गटाला आता १७ पूर्ण लागतात. आधी १५ होतं. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकला रशियाच्या १५ वर्षांच्या कामिला वालिएवाचं उत्तेजक द्रव्याचं प्रकरण झालं, त्याच वर्षी आयएसयूने वय टप्प्याटप्प्याने वाढवायचं ठरवलं. भाचीला बराच वेळ आहे.

खलाशी नं. १

भारताकडून कोणी आहे का?

बाहेरची कड

तारा प्रसाद. वाढली अमेरिकेत, खेळते भारताकडून. फिगर स्केटिंगमध्ये ऑलिंपिकला मात्र भारताचं अजून कोणी गेलेलं नाही. इकडे सराव करायचा तर शिमल्याचं जुनं उघडं रिंक, तेही थंडीत नैसर्गिक बर्फ धरला तर. डेहराडूनचं रिंक, २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेलं, मध्ये बरीच वर्षं बंद पडलेलं. आणि गुरुग्रामच्या एका मॉलमधलं.

'आपल्याकडे थंडी नाही' हे रडगाणं मात्र चालायचं नाही. फिलिपाइन्सचा मायकल ख्रिश्चन मार्टिनेझ मनिलाच्या मॉलमधल्या रिंकवर शिकला. तिथली हवा आपल्या मे महिन्यासारखीच. २०१४ मध्ये सोचीला गेला, फ्री स्केटपर्यंत पोचला आणि १९वा आला.

करवंदाची जाळी

अवांतर: ती मागे कोलांटी मारणारी फ्रेंच मुलगी कोण? आई सारखं तिचं नाव काढते, आठवत मात्र नाही.

बाहेरची कड

सुर्या बोनाली. १९९८, नागानो. मागची कोलांटी १९७६च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या टेरी क्युबिकाने मारली आणि लगेच त्या कोलांटीवरच बंदी आली. बोनाली दुखापतीने मागे पडली होती, पदक मिळणार नव्हतं. तिने भर कार्यक्रमात कोलांटी मारली आणि एका पायावर उतरली. गुण कापले गेलेच. २०२४ मध्ये बंदी उठली. आईंना सांगा.

चढाईवीर

हे मला आवडलं. हरणारच आहोत तर दाखवून हरू. ही बाई कबड्डीत पाहिजे होती.

चिपळूणची चाकवाली

धागा आज वाचला. मी चिपळूणला मुलांना रोलर शिकवते, म्हणून सुरंगीताईंच्या भाचीसाठी लिहिते. बर्फावर सगळे बोललात, चाकांबद्दल कोणी नाही.

चाकांवरही हाच खेळ आहे, आर्टिस्टिक स्केटिंग. पुढे दोन, मागे दोन अशी चार चाकं, आणि बर्फाच्या पात्याला पुढे दात असतात त्या जागी रबरी स्टॉपर. सॅल्काव, फ्लिप, लुट्झ, ॲक्सल सगळं तसंच. गुणांचीही पद्धत रोलआर्ट म्हणून आहे, बर्फावरच्या तक्त्यावरूनच बेतलेली. एक गोष्ट तर आमच्याकडे जास्त आहे: जमिनीवर आखलेल्या वर्तुळावरून रेघ न सोडता जायचं, फिगर्स. बर्फावर १९९०च्या मोसमानंतर ते बंद झालं. त्याआधी त्याला इतकं वजन होतं की १९७२ मध्ये ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शुबा फ्री स्केटिंगमध्ये बरीच मागे राहूनही फिगर्सच्या जोरावर ऑलिंपिक जिंकली. टीव्हीवर बघणाऱ्यांना काही कळेना, म्हणून पुढच्याच वर्षी शॉर्ट प्रोग्रॅम आणला.

आपल्याकडे ह्याची संघटना वेगळी, रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी वाट. आणि इथे भारताची पदकं आहेत! २०१०च्या ग्वांगझू एशियाडमध्ये अनुप कुमार यामाने एकेरीत कांस्य घेतलं आणि अवनी पांचाळबरोबर जोडीतही कांस्य. पुढे त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. हे किती पालकांना माहीत आहे विचारा. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ पालकांना 'स्पीड' हवं असतं, कारण पहिला कोण आला ते दिसतं. चढाईवीरभाऊंचंच म्हणणं. मुलगी गिरकी शिकते म्हटलं की विचारतात, ह्याचे दहावीला गुण मिळतात का?

खरी अडचण जागेची. स्पीडवाल्यांना रस्ता चालतो, आम्हाला गुळगुळीत, सपाट, कोरडी फरशी लागते. जूनपासून गणपतीपर्यंत बाहेरचा कोबा ओला. एका हॉलवाल्यांनी 'चाकांनी फरशी खराब होते' म्हणून काढून टाकलं, आणि त्याच फरशीवर पुढच्या आठवड्यात लोखंडी खुर्च्या ओढल्या. २०२१च्या पुरात स्केट्सची अख्खी पेटी गेली. तरी मुलं येतात.

आणि रोलरवरून बर्फावर जाता येतं. अमेरिकेची तारा लिपिन्स्की लहानपणी रोलरवर होती. नागानोला १५व्या वर्षी ऑलिंपिक जिंकली, बोनालीने कोलांटी मारली त्याच स्पर्धेत.

सड्यावरची सुरंगी

चाकवाल्याताई, तुमचा प्रतिसाद भाचीला मोठ्याने वाचून दाखवला. वर्तुळाचं ऐकून तिने खडू घेतला आणि पडवीभर गोल काढले, आई ओरडतेय.

बाहेरची कड, तुमचं लुट्झचं गणितही तिने सोडवलं. पण ती म्हणते, "ते आत्ताच्या तक्त्याने झालं. तेव्हाचा तक्ता कुठला होता?" मला ह्या पोरीची भीती वाटायला लागली आहे.

बाहेरची कड

पोरगी परीक्षक होणार.

तिला सांगा, तेव्हाचा तक्ता वेगळा होता. हान्यू पडला ती पहिली उडी चार फेऱ्यांचा सॅल्काव. तेव्हा त्याची मूळ किंमत १०.५०, आणि कितीही वाईट उतरलात तरी ३ गुणच जायचे. ७.५० उरले, पडल्याचा १ वजा, ६.५०. आत्ताच्या तक्त्याने तीच उडी तशीच पडली तर ९.७० चे ४.८५ होतात, त्यातून १ गेला की ३.८५. म्हणजे भाचीची तक्रार रास्त होती आणि अनेकांची होती. २०१८ मध्ये नियम बदलले ते पडण्याची किंमत वाढवूनच. आता तिसऱ्यांदा पडलात तर २ गुण जातात, पाचव्यांदा ३.

पण त्या दिवशी हान्यू का जिंकला ह्याचं उत्तर अजून एक पायरी मागे आहे. शॉर्टमध्ये त्याला १०१.४५ होते, ऑलिंपिकमध्ये शंभरी ओलांडणारा तो पहिलाच. दुसरा, कॅनडाचा पॅट्रिक चॅन, ९७.५२. फ्री स्केटमध्ये हान्यू दोनदा पडला, पण नंतर खेळलेल्या चॅनकडूनही चुका झाल्याच. हान्यू १७८.६४, चॅन १७८.१०. बेरीज २८०.०९ आणि २७५.६२. म्हणजे पडूनही त्या भागात तो अर्ध्या गुणाने पुढे होता, आणि खरी आघाडी आदल्या दिवशीची. चॅनने आपला हक्काचा खेळ केला असता तर हा धागा निघालाच नसता.

चढाईवीर

हं. म्हणजे लोण आधीच चढला होता, दुसऱ्या डावात नुसता बचाव. आता कळलं. तरी 'सादरीकरण' मला मान्य नाही, हे नोंदवून ठेवतो.

खलाशी नं. १

नोंद घेतली. पण ह्याच हान्यूवर २०११च्या भूकंपात जपानमधल्या सेंदाईच्या रिंकवरून पायातल्या स्केट्ससकट बाहेर पळायची वेळ आली होती. घरचं रिंक बंद पडलं, मग ठिकठिकाणच्या शोमध्ये जाऊन सराव करायचा. सादरीकरण नाही तर नाही, ह्याचे तरी गुण द्या.

सड्यावरची सुरंगी

सगळ्यांचे आभार. आता व्यवहाराचं: चाकवाल्याताई, तिचे आत्ताचे स्केट्स इनलाइन (एका ओळीत चाकं असलेले) आहेत. आर्टिस्टिकसाठी नवे घ्यावे का? घरचे म्हणतात एक नंबर मोठे घ्या, पाय वाढतोय.

चिपळूणची चाकवाली

अजिबात मोठे घेऊ नका. बूट घोट्याला घट्ट बसला नाही तर उडी उतरताना घोटा मुरगळतो, आणि मग पुढचा पावसाळाही यूट्यूबवरच जाईल. नवे घ्यायची घाई नको. गणपतीनंतर हॉल मिळाला की तिला इकडे घेऊन या, माझ्याकडे मुलांचे लहान झालेले जोड आहेत, त्यातला एखादा तिच्या मापाचा निघेल. तोवर घोटे आणि मांड्यांचे व्यायाम आणि दोरीच्या उड्या. पडवीतल्या गोलांवर अनवाणीच चालू दे.

आणि चाकांच्या बेअरिंगला खोबरेल लावू नका. प्रत्येक घरातली आजी लावते. दमट हवेत त्यावर धूळ बसून चिकट राप धरतो आणि चाक फिरायचं थांबतं. शिलाई मशीनचं तेल, एक थेंब.

पडवीतला बाकडा

आजीने वाचलं. आजीला मान्य नाही.